हस्तलिखिताला जामीन कोण देणार?

६ सप्टेंबर १९६५. भारतीय सेनेने पंजाबमधील आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने कूच केले, तो हा दिवस. चीनच्या आक्रमणाच्या वेळी १९६२ मध्ये जारी झालेली आणीबाणी अद्याप उठलेली नव्हती, भारत संरक्षण नियमांचा अंमल कायम होता आणि राजधानीवर युद्धाचे सावट होते. नेमक्या त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी हस्तलिखिताच्या प्रकरणात महाराष्ट्र सरकारचे अपील फेटाळले. हस्तलिखिताचे नाव 'अणूच्या अंतरंगात'. लेखक प्रभाकर संझगिरी. कम्युनिस्ट चळवळीतील हे कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी सरकारच्या परवानगीनेच हे विज्ञानविषयक पुस्तक लिहिले. प्रकाशनासाठी ते पत्नीकडे पाठविण्याची परवानगी मागितली तेव्हा मात्र सरकारने नकार दिला. लिहिण्यास हरकत नव्हती, हरकत होती ती लिहिलेले भिंतीबाहेर जाण्यास.

सरकारची भूमिका सरळ होती. स्थानबद्धास स्वातंत्र्य उरत नाही. नियमांनी ज्या सवलती दिल्या असतील तेवढ्याच त्याला मिळतात आणि पुस्तक छापण्याची सवलत नियमांत कोठेही नाही. न्या. के. सुब्बा राव यांनी हा तर्कच उलटा केला. स्थानबद्धतेच्या अटी सांगणारा आदेश सवलतींची यादी नसून निर्बंधांची यादी आहे आणि त्या यादीत पुस्तक लिहिण्यावर वा बाहेर पाठविण्यावर बंदी नाही. सबब सरकारने कायद्याचा आधार नसताना एका नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घातला, असा त्या निकालाचा आशय. मुंबई उच्च न्यायालयाने आधीच पुस्तकाचा विषय तपासून पाहिला होता. युद्धाच्या दिवशी सरकारविरुद्ध आणि तेही अणूवरील पुस्तकाच्या बाजूने निकाल देणारे न्यायालय ही आपल्या लोकशाहीच्या जमेची बाजू होय.

मात्र या निकालाचा पाया किती अरुंद होता, याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. संझगिरी जिंकले ते नियमांत बंदी नव्हती म्हणून. कैद्याला आपले लेखन प्रसिद्ध करण्याचा स्वतंत्र आणि ठोस हक्क आहे, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले नाही. त्या खटल्याच्या चौकटीत ते सांगण्याची गरजही नव्हती. उद्या एखाद्या राज्याने नियमपुस्तिकेत एक ओळ वाढविली तर काय, किंवा ओळ न वाढविता केवळ निर्णयच दिला नाही तर काय, हे प्रश्न तेव्हा अनुत्तरित राहिले आणि त्यांचे उत्तर राज्याराज्यांचे तुरुंग विभाग आजतागायत आपापल्या सोयीने देत आहेत.

त्याचे ताजे उदाहरण केरळचे आहे. तेथील त्रिशूरजवळच्या विय्यूर कारागृहातील माओवादी कैदी रूपेश यांनी तुरुंगात एक मल्याळम् कादंबरी लिहिली. २०२५ मध्ये तुरुंग विभागाने तिच्या प्रकाशनास परवानगी नाकारली. कादंबरीत तुरुंग, न्यायालय आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा यांचे उल्लेख असल्याचा मुद्दा पुढे आला. मल्याळम् साहित्यिकांनी परवानगीसाठी आवाहन केले, तेव्हा हा विषय राज्याबाहेर पोहोचला. तुरुंगात बसून लिहिलेल्या कादंबरीत तुरुंग नसावा, ही अपेक्षा कोळ्याने होडीविषयी बोलू नये यासारखीच. परंतु यातील खरा विरोधाभास राजकीय आहे. त्या वेळी केरळमध्ये सत्तेवर असलेल्या आघाडीचे नेतृत्व मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडे होते. संझगिरी त्याच पक्षाचे महाराष्ट्रातील ज्येष्ठ नेते. ज्या पक्षाच्या नेत्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजून कैद्याच्या हस्तलिखितासाठी वाट मोकळी केली, त्याच पक्षाच्या राजवटीत साठ वर्षांनंतर दुसऱ्या एका हस्तलिखितासाठी ती वाट बंद झाली. विरोधात असताना तुरुंगातील लेखणीचे मोल कळते आणि गृहखाते हाती आले की त्याच लेखणीचे भय वाटू लागते. हा अनुभव कोणा एका पक्षापुरता मर्यादित नाही.

वस्तुतः भारतीय राजकारणाला तुरुंगातील साहित्याचे वावडे असण्याचे काहीच कारण नाही. मंडालेच्या तुरुंगात लोकमान्यांनी शिसपेन्सिलीने लिहिलेले 'गीतारहस्य', नाशिकच्या तुरुंगातील साने गुरुजींची 'श्यामची आई', धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सांगितलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली 'गीताप्रवचने', अहमदनगरच्या किल्ल्यातील नेहरूंचा भारताचा शोध: ही नावे भाषणांत घेतल्याविना दिल्लीतील कोणताही पक्ष राहत नाही. प्रत्येकाच्या देव्हाऱ्यात तुरुंगात लिहिलेले एक तरी पुस्तक आहे. टिळकांना कागद मोजून मिळत, वह्या पृष्ठांकित असत आणि सुटकेनंतरही ते हस्तलिखित हाती पडेपर्यंत जीव टांगणीला लागला होता, हेही मराठी वाचकाला ठाऊक आहे. ब्रिटिशांनी ते अखेर परत केले. या आदरणीय यादीत आणि आजच्या कैद्यात एक अंतर मात्र सोयीस्करपणे राखले जाते. ते देशभक्त होते, हे गुन्हेगार आहेत. सबब तुलना करू नये, असे म्हटले जाते. तुलना व्यक्तींची करूच नये. पण हस्तलिखित तपासण्याची पद्धत, ते अडविण्याचे अधिकार आणि नकाराची कारणे सांगण्याचे बंधन यांची तुलना टाळता येत नाही, कारण १८९४ चा तुरुंग कायदा अनेक राज्यांत स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे उलटली तरी चालू राहिला आहे.

सरकारी यंत्रणा कैद्यांचे लेखन अजिबात छापू देत नाही, असे मात्र नव्हे. राजधानीतच त्याचे उदाहरण आहे. तिहारच्या महिला कारागृहातील चार कैद्यांच्या हिंदी कवितांचा 'तिनका तिनका तिहाड' हा संग्रह राजकमल प्रकाशनाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. पत्रकारितेच्या प्राध्यापिका वर्तिका नंदा आणि तिहारच्या तत्कालीन महासंचालक विमला मेहरा या त्याच्या संपादक. हा उपक्रम निःसंशय चांगला. ज्या स्त्रियांची नोंद एरवी केवळ खटल्याच्या क्रमांकाने होते, त्यांच्या नावावर पुस्तक आले. तथापि संपादकांतील एक नाव तुरुंगप्रमुखाचे असल्यावर दार कसे सहज उघडते, हेही त्यातून दिसते. आई, पाऊस, मुलांची आठवण, पश्चात्ताप, देव या विषयांवरील कवितेला कोणताही अधीक्षक अडविणार नाही. अडते ते बराकीत किती माणसे कोंबली जातात, डॉक्टर किती दिवसांनी येतो, पैसे देणाऱ्याला कोणती जागा मिळते आणि न देणाऱ्याच्या वाट्याला कोणते काम येते, हे कथेत उतरल्यावर. परवानगी लेखनाला नसते, विषयाला असते. कैद्याच्या लेखनाला सुधारणेचे प्रमाणपत्र मानले की सुधारलेल्या माणसाने काय लिहावे हेही व्यवस्थाच ठरवू लागते.

याचा परिणाम असा की भारतातील तुरुंगाविषयीचे खरेखुरे लेखन जवळपास नेहमीच सुटकेनंतर प्रसिद्ध झाले आहे. दिल्लीतील पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये सरकारी गोपनीयता कायद्याखाली अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये सरकारनेच खटला मागे घेतला आणि त्यांचे तिहारचे अनुभव २००५ मध्ये पुस्तकरूपाने आले. जुन्या दिल्लीतील मोहम्मद आमिर खान यांना १९९८ मध्ये उचलले गेले. जवळपास चौदा वर्षांनी, जानेवारी २०१२ मध्ये ते बाहेर पडले आणि नंदिता हक्सर यांच्या साह्याने लिहिलेले त्यांचे पुस्तक २०१६ मध्ये निघाले. अरुण फरेरा यांनी नागपूरच्या कारागृहातील दिवसांवर २०१४ मध्ये पुस्तक लिहिले, सुधा भारद्वाज यांनी येरवड्यातील सहबंदी स्त्रियांची शब्दचित्रे २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईच्या २००६ मधील रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातून २०१५ मध्ये निर्दोष सुटलेले शिक्षक अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' उर्दूत आले. या यादीतील बहुतेकांना अखेर न्यायालयाने सोडले अथवा जामीन दिला, म्हणून ती पुस्तके आहेत. ज्यांना सोडले नाही त्यांची पुस्तके कोठे आहेत, हा प्रश्न विचारला जात नाही.

अपवाद आहेत, पण ते अपवाद का झाले हे पाहण्यासारखे आहे. तेलुगू कवी वरवर राव यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तुरुंगातून लिहिलेली पत्रे वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली, कारण एका राष्ट्रीय दैनिकाने त्यांना तसे निमंत्रण दिले होते. कोबाड घांदी यांचे लेख तिहारमधून 'मेनस्ट्रीम' साप्ताहिकात येत राहिले. दिल्ली विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा नागपूरच्या अंडा सेलमध्ये असताना त्यांच्या कविता व पत्रांचे पुस्तक २०२२ मध्ये निघाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. या तिघांनाही आधीच नाव होते, संपादक ओळखीचे होते, वकील होते आणि लेखन बाहेर वाट पाहणारे वाचक होते. दरोड्याच्या आरोपाखाली आठ वर्षे बसलेल्या कच्च्या कैद्यापाशी यातील काहीही नसते.

आणि तुरुंग भरलेले आहेत ते त्याच्यासारख्यांनी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते, तर क्षमता होती ४ लाख ३६ हजार २६६ कैद्यांची. त्यांतील ४ लाख ३४ हजार ३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, अशी ही माणसे. निरक्षर आणि दहावीच्या आत शाळा सोडलेले मिळून निम्म्याहून बरेच अधिक. या समाजातून लेखक येणार नाहीत, असे वाटणे स्वाभाविक आहे. मनोरंजन ब्यापारी यांचे उदाहरण मात्र या समजुतीला छेद देते. पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेल्या नामशूद्र कुटुंबातील हा तरुण शाळेत कधी गेला नव्हता. १९७० च्या दशकात कोलकात्याच्या तुरुंगात एका वडीलधाऱ्या कैद्याने त्याला अक्षरे गिरवायला शिकविले. सुटल्यावर तो सायकलरिक्षा ओढू लागला. एके दिवशी रिक्षात बसलेल्या प्रवासी बाईंना त्याने पुस्तकात वाचलेल्या एका अवघड शब्दाचा अर्थ विचारला. त्या बाई महाश्वेता देवी होत्या. त्यांनी त्याला आपल्या नियतकालिकासाठी लिहायला सांगितले. पुढे ब्यापारी यांचे आत्मकथन गाजले, त्याच्या इंग्रजी अनुवादाला २०१८ चा 'द हिंदू' पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये ते पश्चिम बंगालच्या विधानसभेवर बालागडमधून निवडून आले. यात तुरुंगाच्या व्यवस्थेचा वाटा किती? एका सहृदय कैद्याचा आणि एका योगायोगाचा वाटा अधिक. गुन्हे-अहवाल छापणाऱ्या देशात लेखक घडणे हे रिक्षात कोण बसते यावर अवलंबून असावे, ही अवस्था भूषणावह नव्हे.

सुरक्षेचा आक्षेप बनावट आहे असे कोणी म्हणणार नाही. टोळीप्रमुख आतून हुकूम सोडतात, साक्षीदारांना निरोप जातात, खंडणीच्या धमक्या दिल्या जातात. परंतु त्यासाठी कोणी कादंबरी लिहीत बसत नाही. मार्च २०२३ मध्ये लॉरेन्स बिश्नोई याची मुलाखत एका वाहिनीवरून देशाने पाहिली. तो त्या काळात कोठडीत होता. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन विशेष तपास पथक नेमले, तेव्हा पहिली मुलाखत खुद्द पंजाब पोलिसांच्या खरड येथील आवारात झाल्याचे निष्पन्न झाले. ज्याच्यापाशी ताकद आहे त्याच्यासाठी कोठडीत कॅमेरा पोहोचतो. याच देशात तळोजा कारागृहाने गौतम नवलखा यांना पी. जी. वुडहाऊसचे विनोदी पुस्तक सुरक्षेचे कारण सांगून नाकारले होते. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या नकाराचे हसू आले. न्यायालयास हसू येणे हा काही उपाय नव्हे. पुढचा कैदी उच्च न्यायालयापर्यंत पोहोचेलच असे नाही.

तपासणी अवश्य व्हावी. प्रश्न आहे तो कोणी करायची, किती दिवसांत करायची आणि नकाराची कारणे कोणाला द्यायची हा. ज्या अधीक्षकाच्या कारभाराचे वर्णन कथेत आले असेल, तोच त्या कथेचा परीक्षक असेल तर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय भाषेची अडचण आहे. तिहारमध्ये देशाच्या सर्व भागांतील माणसे आहेत. तपासणाऱ्याला जी भाषा येत नाही त्या भाषेतील मजकूर संशयास्पद ठरतो आणि टेबलावर पडून राहतो. संथाळी वा गोंडीत विचार करणाऱ्याने मोडक्यातोडक्या हिंदीत लिहावे म्हणजे ते बाहेर जाईल, अशी ही अलिखित अट बनते. साहित्याची हानी येथूनच सुरू होते.

या गोपनीयतेची किंमत केवळ साहित्याला मोजावी लागते असेही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावलींमधील जातिनिहाय कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचा, हे जातीवरून ठरविणारे नियम तोवर पुस्तकांत शाबूत होते. पत्रकार सुकन्या शांता यांनी हा विषय वार्तांकनातून उघड केला आणि त्याच याचिकाकर्त्या झाल्या. जी गोष्ट आतील प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी कळत होती, ती बाहेरच्या प्रजासत्ताकाला कळायला पंचाहत्तर वर्षे लागली. आतील माणसांच्या कथा-कविता मोकळेपणाने छापल्या गेल्या असत्या, तर एवढा काळ लागला नसता.

न्यायालयांनी मार्ग दाखविला नाही असे नाही. सुनील बत्रा प्रकरणात १९७८ साली आणि त्यानंतर न्या. कृष्णा अय्यर यांनी तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क संपत नाहीत, हे पुन्हा पुन्हा बजावले. १९९४ मधील राजगोपाल खटला तर थेट कैद्याच्या आत्मचरित्रावरचा. तामिळनाडूत सहा खुनांसाठी फाशीची शिक्षा झालेल्या 'ऑटो शंकर'चे सुमारे तीनशे पानांचे आत्मकथन 'नक्कीरन' हे तमिळ साप्ताहिक छापू पाहत होते. बड्या अधिकाऱ्यांशी असलेल्या आपल्या संबंधांची हकीकत त्याने त्यात सांगितल्याचा साप्ताहिकाचा दावा होता. तुरुंग महानिरीक्षकांनी संपादकांना पत्र पाठवून प्रकाशन थांबविण्यास बजावले. न्या. जीवन रेड्डी यांनी असा पूर्वनिर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला वा अधिकाऱ्यांना नाही, बदनामी झाली असेल तर प्रकाशनानंतर दाद मागावी, असा निकाल दिला. कैदी आत आहे म्हणून त्याच्या वतीने आपण बोलू, हा तुरुंग अधिकाऱ्यांचा पवित्राही न्यायालयाने मान्य केला नाही. तरीही हा विजय साप्ताहिकाचा होता. शंकर स्वतः न्यायालयासमोर पक्षकार नव्हता. त्याने खरोखर काय लिहिले आणि त्याची संमती होती किंवा नाही, हे ठरविल्याविना न्यायालयाला पुढे जावे लागले. छापणाऱ्याचा हक्क ठाम झाला, लिहिणाऱ्याचा तेथेच राहिला. १९९५ मध्ये शंकरला फाशी झाली.

ऑटो शंकरचे नाव निघाले की दुसरा आणि अधिक गंभीर आक्षेप येतो. ज्यांच्या घरातील माणूस मारला गेला त्यांनी मारेकऱ्याचे पुस्तक दुकानात पाहावे काय? त्याने त्यावर पैसे मिळवावेत काय? हा आक्षेप सुरक्षेच्या आक्षेपासारखा कागदी नाही, त्यामागे माणसांचे दुःख आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने अशी कमाई अडविण्यासाठी कायदा केला होता. १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो अतिव्याप्त म्हणून रद्द केला. आपल्याकडे उत्तर शोधायला इतके दूर जावे लागत नाही. कैद्यांच्या श्रमाच्या मोबदल्याविषयी १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने न्याय्य वेतनाचा आग्रह धरला आणि त्यातील काही भाग गुन्ह्याच्या बळींसाठी राखून ठेवण्याची कल्पना मांडली. सुतारकामाला जो न्याय लागू होतो तो कथेला लागू करण्यात अडचण नसावी. गुन्हा सिद्ध झालेल्या कैद्याच्या मानधनातील ठराविक हिस्सा बळीच्या कुटुंबाकडे जावा, कच्च्या कैद्याच्या बाबतीत तो निकालापर्यंत राखून ठेवावा. पैशाचा प्रश्न असा सोडविता येतो. दुःखाचा प्रश्न सुटत नाही, आणि पुस्तकावर बंदी घालूनही तो सुटणार नाही. मात्र ज्याने गुन्हा केलाच नाही असा आमिर खान किंवा वाहिद शेख यांच्यासारखा माणूस याच नियमाखाली गप्प केला जातो, याचा हिशेब मांडताना विसर पडू नये.

श्रमाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिहारच्या बेकरीतील बिस्किटे व पाव 'टीजेज' या नावाने दिल्लीत वर्षानुवर्षे विकले जात आहेत. कैद्यांनी बनविलेले फर्निचर सरकारी शाळांत जाते. कैद्याच्या हातचा माल बाहेर पाठविताना तुरुंग विभाग स्वतःची मुद्रा अभिमानाने उमटवितो. त्याच हातांनी लिहिलेली वही बाहेर जाताना मात्र विभागाला धास्ती वाटते. या विसंगतीला एक कायदेशीर बाजूही आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक हाच लेखनाचा प्रथम मालक असतो. परंतु सरकारच्या निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली निर्माण झालेल्या कृतीची मालकी, वेगळा करार नसल्यास, सरकारकडे जाते. तुरुंगाने भरविलेल्या लेखनशिबिरात जन्मलेली कविता कोणाची? कैदी म्हणेल माझी, विभाग म्हणेल आमची. सुटल्यानंतर आपलीच कविता दुसऱ्या प्रकाशकाला देताना त्याला विभागाची परवानगी लागेल काय, याचे उत्तर नियमावलीत स्पष्ट शब्दांत असायला हवे.

सुटल्यानंतरही पाठलाग थांबत नाही, हे महाराष्ट्राने २०२२ मध्ये दाखवून दिले. कोबाड घांदी यांना २००९ मध्ये दिल्लीत अटक झाली. त्यांनी सात वर्षे तिहारमध्ये काढली आणि माओवादी संघटनेच्या सदस्यत्वाच्या आरोपातून दिल्लीच्या न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांना मुक्त केले. त्यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या आठवणींच्या पुस्तकाचा अनघा लेले यांनी केलेला मराठी अनुवाद लोकवाङ्मय गृहाने काढला. राज्य सरकारच्या तज्ज्ञ समितीने अनुवादाच्या पुरस्कारासाठी त्याची निवड केली, ६ डिसेंबर २०२२ रोजी घोषणा झाली आणि १२ डिसेंबरला शासन निर्णय काढून पुरस्कार रद्द करण्यात आला. निवड समितीही बरखास्त झाली. निषेध म्हणून काही साहित्यिकांनी सरकारी पदांचे राजीनामे दिले, काहींनी आपले पुरस्कार नाकारले. पुस्तकावर बंदी नव्हती, ते दुकानांत मिळतच होते. उलट या वादाने त्याचा खप वाढला. यातील उपरोध असा की, याच पुस्तकातील विचारांमुळे माओवादी संघटनेने घांदी यांना आदल्या वर्षी काढून टाकले होते. भूमिगत पक्षाला ते फितुरीचे वाटले आणि राज्य सरकारला उदात्तीकरणाचे. दोघांपैकी कोणी ते शेवटपर्यंत वाचले असेल काय, ही शंका रास्त ठरते. १९६५ मध्ये दिल्लीत एका मराठी हस्तलिखितासाठी हरलेल्या महाराष्ट्र सरकारने सत्तावन्न वर्षांनी एका मराठी अनुवादावर असा विजय मिळविला.

केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२३ मध्ये आदर्श कारागृह व सुधारात्मक सेवा कायदा तयार करून राज्यांकडे पाठविला. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय असल्याने केंद्र यापलीकडे फारसे जाऊ शकत नाही. कायद्याची वैशिष्ट्ये सांगताना मंत्रालयाने अतिसुरक्षित तुरुंग, खुले कारागृह, मोबाइल बाळगल्याबद्दल शिक्षा, महिला व तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र व्यवस्था, पॅरोल, कौशल्य प्रशिक्षण अशी बरीच मोठी यादी दिली. कैद्याच्या लेखनाचे प्रकाशन या यादीत नव्हते. राज्ये आता आपापले कायदे व नियम नव्याने लिहीत आहेत. एरवी अशी संधी शतकातून एकदाच येते. १८९४ नंतर ती आता आली आहे. हस्तलिखित हाती आल्यापासून तीस दिवसांत लेखी निर्णय, नकार द्यायचा तर आक्षेपार्ह परिच्छेदांसह कारणे, तुरुंग प्रशासनावरील टीका हे नकाराचे कारण धरता येणार नाही अशी स्पष्ट तरतूद, आणि अधीक्षकाच्या निर्णयावर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद. या चार कलमांसाठी तिजोरीतून एक रुपयाही खर्च होत नाही. प्रकाशक, साहित्य अकादमी आणि राज्यांची साहित्य मंडळे यांनी तुरुंग ग्रंथालयांना जुनी पुस्तके भेट देण्याच्या समारंभांतून थोडा वेळ काढून नियमांचे मसुदे मागवून पाहायला हवेत. निदान महाराष्ट्राच्या विधिमंडळातील ग्रंथालयात संझगिरी खटल्याचा निकाल सहज सापडावा. तो 'महाराष्ट्र सरकार विरुद्ध' या शब्दांनीच सुरू होतो.